सभ्य माणसांचे हात

लसीची सक्ती असावी का, या वादात एक नाव मी पुन्हा पुन्हा ऐकले. दोन अपत्यांचा कायदा व्हावा का, या वादातही तेच नाव निघाले: अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स. एक बाजू त्यांना साक्षीला बोलावते. समाजाच्या भल्यासाठी माणसाच्या शरीरावर राज्याचा अधिकार चालतो, आणि हे अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या थोर पुरस्कर्त्यानेच लिहून ठेवले आहे, असे ती सांगते. दुसरी बाजू त्याच होम्सना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करते. लसीची सक्ती एकदा मानलीत की पुढची पायरी नसबंदीची, हे त्यांच्याच निकालात आहे; म्हणून डॉक्टर आणि सरकार यांच्या शब्दावर विसंबायचेच नाही. या दोघांच्या मध्ये एक तिसरी गोष्ट चवीने सांगितली जाते. वडील कवी आणि डॉक्टर, बाळंतिणींच्या प्राणांसाठी झगडलेले. मुलगा न्यायाधीश, एका गरीब मुलीची कूस कायमची मिटवण्याला संमती देणारा. सूर्यापोटी शनैश्वर म्हटले की गोष्ट संपते.

तिन्ही मांडण्या मला चुकीच्या वाटतात, आणि तिन्ही एकाच जागी चुकतात. बाप-लेकांचे नाव एकच, म्हणून आपल्या रीतीने त्यांना थोरले होम्स आणि धाकटे होम्स म्हणू. थोरल्या होम्सनी १८४३ साली आपल्याच व्यवसायातल्या माणसांना एक प्रश्न विचारला: तुमचे हात स्वच्छ आहेत, हे तुम्ही कशावरून म्हणता? १९२७ साली तोच प्रश्न विचारण्याची पाळी धाकट्या होम्सवर आली, आणि त्यांनी तो विचारला नाही. तज्ज्ञांवर विश्वास ठेवावा की ठेवू नये, हा वाद त्यामुळे मला पोकळ वाटतो. ज्याच्या हातात दुसऱ्याचे शरीर दिले जाते त्याचे हात कोणी, कधी आणि कोणत्या पुराव्यावर तपासले, एवढेच विचारायचे असते. आपल्याकडच्या वादात नेमके तेच विचारले जात नाही.

थोरल्या होम्सचा जन्म १८०९ सालचा, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज गावचा. वडील एबिएल होम्स कडव्या कॅल्विनपंथी परंपरेतले धर्मोपदेशक. मुलाने वर्षभर कायदा शिकून पाहिला, मग तो सोडून वैद्यकाकडे वळला. १८३० साली, एकविसाव्या वर्षी, जुनी युद्धनौका ‘कॉन्स्टिट्यूशन’ मोडीत निघणार म्हणून त्यांनी एक कविता लिहिली. ती देशभर छापली गेली आणि नौका वाचली. आजही ती बोस्टनच्या बंदरात उभी आहे. पण माझ्या दृष्टीने त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते पॅरिसमध्ये. तिथे पिएर लुई नावाचे वैद्य विद्यार्थ्यांना एक साधी, त्या काळात उद्धट वाटणारी गोष्ट शिकवत होते: रोगी मोजा. अमुक उपचाराने किती बरे झाले, किती दगावले, हे मोठ्या वैद्याच्या अनुभवावर सोडू नका, आकड्यांत मांडा. शतकानुशतके चालत आलेल्या रक्त काढण्याच्या उपचाराचा फुगा याच मोजणीने फुटला.

ही मोजणी घेऊन होम्स बोस्टनला परतले. १८४३ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, त्यांनी तिथल्या डॉक्टरांच्या एका मंडळासमोर बाळंतज्वराच्या संसर्गावर निबंध वाचला. निमित्त एका चर्चेचे होते: बाळंतज्वराने गेलेल्या बाईचे शवविच्छेदन करताना एका डॉक्टरच्या हाताला जखम झाली, तो आठवड्याभरात गेला, आणि त्या मधल्या दिवसांत त्याने सोडवलेल्या बायकांनाही तोच ताप आला. होम्सनी इंग्लंड-अमेरिकेतल्या अशा नोंदी एकामागून एक गोळा केल्या. १७९५ साली स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनच्या अलेक्झांडर गॉर्डन यांनी रोग्यांची आणि सुईणींची यादी मांडून, आपणच अनेक बायकांना हा रोग नेऊन दिला, अशी कबुली दिली होती. तीही होम्सनी पुढे ठेवली. निष्कर्ष सरळ होता. रोग घराघरांत डॉक्टर आणि सुईणी नेत होत्या. जंतूंचा शोध अजून दूर होता. सेमेलवाइस या डॉक्टरांचे व्हिएन्नातले हात धुण्याचे काम चार वर्षांनंतरचे. कारण कळलेले नव्हते, पण मोजणी स्पष्ट बोलत होती. शवविच्छेदनानंतर कपडे बदला, अंग-हात धुवा, दिवसभर थांबा. आपल्या हाताखालच्या दोन बायकांना पाठोपाठ ताप आला तर महिनाभर बाळंतपणे सोडा, असे नियम त्यांनी घालून दिले. आणि शेवटी लिहिले की एकाच डॉक्टरच्या रोग्यांत अशी साथ दिसू लागली तर यापुढे तिला दुर्दैव न मानता गुन्हा मानावा. कायदा सोडून आलेल्या माणसाने कायद्यातला सर्वांत जड शब्द स्वतःच्या व्यवसायबंधूंना लावला.

विरोध कोणी केला? फिलाडेल्फियातले प्रसूतिशास्त्राचे दोन नामांकित प्राध्यापक, चार्ल्स मीग्ज आणि ह्यू हॉज. डॉक्टर सभ्य गृहस्थ असतात आणि सभ्य गृहस्थांचे हात स्वच्छच असतात, हे वाक्य मीग्ज यांच्या नावे प्रसिद्ध आहे. ज्याची नीट कल्पना करता येत नाही अशा संसर्गापेक्षा ही मरणे अपघाताकडे किंवा ईश्वरी इच्छेकडे लावणे आपल्याला बरे वाटते, असेही त्यांनी लिहिले. (याच शहरात पुढे १८८३ ते १८८६ आनंदीबाई जोशी डॉक्टरकी शिकल्या, आणि त्यांच्या प्रबंधाचा विषय प्रसूतिशास्त्रच होता. त्यांचे स्वतःचे बाळ दहा दिवसांत गेले होते. हे वाद त्यांच्यासाठी पुस्तकी नव्हते.) होम्सनी १८५५ साली निबंध नव्या प्रस्तावनेसह पुन्हा छापला. ज्यांचे प्राण पणाला लागले आहेत त्या स्त्रियांच्या वतीने, त्यांची बाजू मांडणारा अधिक समर्थ आवाज उठेपर्यंत, माझे ऐकून घ्या, अशी विनंती त्यांनी तिथे केली. एरवी हा माणूस चटपटीत वाक्यांचा धनी. ‘अॅनेस्थेशिया’ हा शब्द त्यांनी सुचवला, ‘अटलांटिक’ मासिकाला नाव त्यांनी दिले, आणि तिथल्या त्यांच्या न्याहारीच्या टेबलावरच्या गप्पांवर सारा देश फिदा होता. पण बायका मरत होत्या तेव्हा या कवीने सुभाषिते बाजूला ठेवून यादी लिहिली.

आता धाकटे होम्स. जन्म १८४१, बोस्टन. यादवी युद्धात तीनदा जखमी झाले: बॉल्स ब्लफला छातीत, अँटीटमला मानेत, चॅन्सेलर्सव्हिलच्या लढाईच्या दिवसांत टाचेत. अँटीटमनंतर वडील त्यांना शोधत रणभूमीपर्यंत गेले आणि त्या शोधावर लेख लिहिला. १८८१ साली मुलाचा ‘कॉमन लॉ’ आला; कायद्याचा प्राण तर्कात नसून अनुभवात आहे, हे त्याच्या पहिल्याच पानावरचे वाक्य जगभरच्या विधी महाविद्यालयांत आजही पाठ असते. १९०२ ते १९३२ ते सर्वोच्च न्यायालयात होते. २ मे १९२७ रोजी बक विरुद्ध बेल खटल्याचा निकाल आठ विरुद्ध एक असा लागला, आणि तो त्यांनी लिहिला.

कॅरी बक व्हर्जिनियातल्या शार्लट्सव्हिलची. आईपासून काढून तिला दुसऱ्या घरी ठेवले होते. शाळेत सहावीपर्यंत गेली; वागणूक आणि अभ्यास ‘फार चांगला’ असा शेरा शिक्षिकेने दिला होता. मग घरकामासाठी तिला शाळेतून काढले. सतराव्या वर्षी त्या घरच्या एका नातलगाने तिच्यावर बलात्कार केला आणि तिला दिवस गेले. घरच्यांनी तिला दुर्बलबुद्धी ठरवून लिंचबर्गजवळ अशा लोकांसाठी असलेल्या सरकारी वसाहतीत पाठवले; तिची आई आधीपासून तिथेच होती. व्हर्जिनियाने १९२४ साली नसबंदीचा कायदा केला होता आणि तो न्यायालयात टिकतो का, हे बघायला एक खटला हवा होता. कॅरीची निवड झाली. तिच्या बाजूने उभा केलेला वकील त्या वसाहतीचा जुना संचालक आणि समोरच्या वकिलाचा मित्र. त्याने एकही साक्षीदार बोलावला नाही. ज्या तज्ज्ञाच्या मतावर सारी मदार होती त्या हॅरी लॉफलिन यांनी कॅरीला पाहिलेदेखील नव्हते. तिची मुलगी व्हिव्हियन तेव्हा सात-आठ महिन्यांची. तिच्याबद्दल साक्ष अशी, की तिच्या चेहऱ्यात काहीतरी बरोबर वाटत नाही.

यावर होम्सनी पाच परिच्छेद लिहिले. सक्तीच्या लसीकरणाला आधार देणारे तत्त्व बीजवाहिन्या कापण्यालाही पुरेल एवढे विस्तृत आहे, हे त्यांतले एक वाक्य. आणि त्याला लागूनच दुसरे: जडबुद्धींच्या तीन पिढ्या पुरेत. कॅरीला तर त्या काळच्या वर्गवारीतदेखील तो शब्द लागू होत नव्हता. पण वाक्य सुंदर होते, आणि सुंदर वाक्याने पुराव्याची जागा घेतली. वडिलांकडून शब्दकळा मुलाने पुरेपूर उचलली होती. यादी करायची तिथे मुलाने सुभाषित लिहिले, वडिलांनी नेमके उलट केले होते. मला हा फरक दोघांच्या स्वभावांतल्या कुठल्याही फरकापेक्षा मोठा वाटतो.

होम्सच्या बचावाचे मुद्दे दुबळे नाहीत. पहिला आणि सर्वांत भक्कम मुद्दा न्यायालयीन संयमाचा आहे. १९०५ साली बेकरीतल्या कामगारांचे तास मर्यादित करणारा न्यूयॉर्कचा कायदा बहुमताने रद्द केला, तेव्हा होम्सनीच लिहिले होते की राज्यघटनेने हर्बर्ट स्पेन्सर या व्यक्तिवादी विचारवंताचे ‘सोशल स्टॅटिक्स’ हे पुस्तक कायदा म्हणून स्वीकारलेले नाही. लोकनियुक्त विधिमंडळाला चुका करायचाही हक्क आहे, न्यायाधीशाने आपली मते लोकांवर लादू नयेत, ही त्यांची भूमिका आयुष्यभराची. मग व्हर्जिनियाच्या विधिमंडळालाही तोच मान दिला, यात दोष काय? मला ही भूमिका मोलाची वाटते. न्यायाधीशांनीच राज्य चालवावे असे मला मुळीच वाटत नाही. पण बेकरीच्या कायद्यात बेकरीवाल्याला मत होते, संघटना होती, पुढची निवडणूक होती. वसाहतीत कोंडलेल्या मुलीला यांतले काय होते? संयमाचे तत्त्व असे गृहीत धरते की ज्याच्यावर कायद्याचा बोजा पडतो तो उद्या विधिमंडळात जाऊन तो बदलून घेऊ शकेल. अलाबामातल्या काळ्या नागरिकांना मतदार यादीतून वगळले गेले. जॅक्सन जाइल्स यांनी दाद मागितली, तेव्हा १९०३ साली होम्सनी बहुमताचा निकाल लिहून त्यांना राजकीय मार्ग दाखवला. ज्याचे मतच काढून घेतले त्याला मताच्या मार्गाने जायला सांगितले. संयम दोन्हीकडे एकच दिसतो, पण एकीकडे तो बोलक्या माणसाला बोलू देतो आणि दुसरीकडे मुक्याला मुकाच ठेवतो.

दुसरा बचाव काळाचा. तेव्हा सगळेच सुप्रजननवादी होते, म्हणजे ‘चांगल्या’ वंशाची वाढ व्हावी आणि ‘वाईट’ वंशाची थांबवावी असे मानणारे; विद्यापीठे, डॉक्टर, सुधारक सगळे. खरे आहे. होम्सच्या निकालावर लुई ब्रँडाइस यांच्यासारख्या उदारमतवाद्याचीही सही आहे. पण ‘काळ तसा होता’ म्हणताना आपण काळातली कोणती माणसे मोजतो? पिअर्स बटलर त्याच न्यायालयात, त्याच दिवशी, त्याच कागदांवर असहमत झाले. १८४३ साली ‘काळ’ मीग्जच्या बाजूने होता, होम्सच्या नव्हता. आपल्याकडे २८ एप्रिल १९७६ रोजी आणीबाणीतल्या बंदिप्रत्यक्षीकरणाच्या खटल्यात चार न्यायमूर्ती सरकारच्या बाजूने गेले, तेव्हाही काळ तसाच होता. एकटे न्या. हंसराज खन्ना वेगळे लिहून गेले. त्या चारांत न्या. यशवंत चंद्रचूड होते. २०१७ साली खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात तो निकाल चुकीचा ठरवणारे निकालपत्र लिहिले ते त्यांच्या मुलाने, न्या. धनंजय चंद्रचूड यांनी. वडिलांचे नाव राखणे आणि वडिलांचा निकाल राखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या दिवशी आपण पाहिले. बक विरुद्ध बेल मात्र अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आजवर स्पष्ट शब्दांत रद्द केलेला नाही.

तिसरा बचाव मला सर्वांत अस्वस्थ करतो: होम्स चुकले तरी चूक दुरुस्त करणारे गृहस्थ होते. मार्च १९१९ मध्ये त्यांनी युद्धविरोधी पत्रके वाटणाऱ्यांची शिक्षा कायम केली, भरल्या नाट्यगृहात ‘आग’ म्हणून खोटेच ओरडणाऱ्याची उपमा तिथलीच. त्याच वर्षी समाजवादी नेते युजीन डेब्स यांची दहा वर्षांची शिक्षाही त्यांनी उचलून धरली. पण नोव्हेंबरमध्ये, अब्राम्स खटल्यात, तेच होम्स असहमत झाले आणि विचारांच्या मुक्त देवघेवीवरचे ते प्रसिद्ध परिच्छेद लिहिले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली श्रेया सिंघल खटल्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचे, ऑनलाइन मजकुराबद्दल शिक्षा देणारे कलम ६६अ रद्द करताना त्यांचाच आधार घेतला. आठ महिन्यांत एवढे मन कसे पालटले? त्या उन्हाळ्यात मित्रांनी, तरुण अभ्यासकांनी त्यांच्याशी वाद घातला, त्यांना वाचायला दिले, पत्रांतून छेडले. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने ते ऐकले, याबद्दल मला खरा आदर आहे. पण म्हणूनच १९२७ अधिक बोचते. विचारांच्या बाजारात सत्य ठरते म्हणणाऱ्यापुढे त्या खटल्यात एकच दुकान मांडले होते. दुसऱ्या बाजूचा वकील पहिल्याच बाजूचा होता, आणि कागद वाचणाऱ्याला ते दिसण्यासारखे होते. पुढे एका मित्राला त्यांनी लिहिले, की या निकालाने मला आनंद दिला.

मग बापाचे काय? इथे सूर्यापोटी शनैश्वरवाली गोष्ट कोसळते, कारण सूर्यावरही डाग आहेत. १८५० साली थोरले होम्स हार्वर्डच्या वैद्यकीय शाळेचे प्रमुख होते. तीन काळे विद्यार्थी आणि हॅरियट हंट ही एक स्त्री यांना प्रवेश द्यायला ते तयार झाले. विद्यार्थ्यांनी गोंधळ घातला, प्राध्यापक कचरले, आणि होम्सही मागे सरले. हंटबाईंना अर्ज मागे घ्यावा लागला, काळ्या विद्यार्थ्यांना त्या सत्रानंतर येऊ नका असे सांगण्यात आले. दहा वर्षांनी, १८६० मध्ये, त्यांनी बोस्टनच्या जुन्या विद्याव्यासंगी घराण्यांना एक नाव दिले आणि ते कायमचे चिकटले: न्यू इंग्लंडची ‘ब्राह्मण जात’. मराठी वाचक इथे थबकणारच. ही गंमतीची उपमा होती म्हणून सोडून देता येत नाही, कारण पुढे त्यांनी लिहिले की या घराण्यांत विद्येची पात्रता जन्मजात आणि वंशपरंपरेने येते. १८७५ च्या एका लेखात त्यांनी वंशपरंपरेचे अभ्यासक गाल्टन यांचा हवाला देऊन विचारले: बुद्धी जर वारशाने येते, तर नीतीचे दोष का येऊ नयेत? बावन्न वर्षांनी मुलाने ‘तीन पिढ्या’ मोजल्या, तेव्हा तो हाच हिशेब उलट्या बाजूने मांडत होता. विद्या रक्तात असेल तर अविद्याही रक्तातच असणार.

आपल्याला या तर्काला उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्याच सदाचारी लोकांना. फुल्यांचा सारा युक्तिवाद हा, की शूद्रातिशूद्रांच्या डोक्यावर बसलेले अज्ञान रक्तातून आलेले नाही. शाळेचे दार कोणीतरी बंद केले म्हणून आले. कॅरी बकचा शाळेतला शेरा आणि तिला घरकामाला लावल्याची तारीख शेजारी शेजारी ठेवून पाहा. फुल्यांनी त्यातून जे वाचले असते ते वॉशिंग्टनमधल्या आठ विद्वानांना वाचता आले नाही.

म्हणजे मुलाला वारसा दोन प्रकारचा मिळाला. मोजून पाहण्याची रीत, आणि आपल्या थरातली माणसे सभ्यच असतात हा विश्वास. वडिलांमध्ये दोन्ही एकत्र नांदत होते. १८४३ साली पहिला जिंकला, १८५० साली दुसरा. मुलाकडे आजोळचाही वारसा होता: आईचे वडील चार्ल्स जॅक्सन मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश होते. बाप-लेकांच्या गोष्टीत हे कुणी सांगत नाही, कारण मग गोष्ट नीट बसत नाही. त्या थोर घराण्याच्या पिढ्यांतही एक कॅल्विनपंथी उपदेशक, त्याच्याविरुद्ध बंड करणारा डॉक्टर, आणि कशावरच पूर्ण विश्वास न ठेवणारा न्यायाधीश असा क्रम लागतो. तीन पिढ्यांवरून माणूस ओळखता येत असता, तर होम्स घराणे कुणालाच ओळखता आले नसते.

लसीचा विरोध करणाऱ्यांना आता उत्तर देता येते. लसीतून नसबंदीकडे घसरण अटळ आहे, हे होम्सचे वाक्य खरे मानूनच ते बोलतात. पण ते वाक्यच चूक होते. ज्या १९०५ च्या निकालाचा आधार होम्सनी घेतला, त्यात केंब्रिजमधल्या देवीच्या साथीत लस नाकारणाऱ्या जेकबसन यांना झालेली शिक्षा पाच डॉलर दंडाची होती. कोणी त्यांना धरून सुई टोचली नव्हती. मागे शतकभराची मोजणी होती, साथ दारात होती, आणि न टोचून घेतलेला माणूस शेजाऱ्याला रोग देऊ शकत होता. कॅरीच्या बाबतीत यातले काय होते? मोजणी नव्हती, साथ नव्हती, शेजाऱ्याला धोका नव्हता. दोन्ही प्रकरणांत ‘समाजहित’ हा शब्द होता, तेवढेच साम्य. बोस्टन परिसराला तर ही मोजणी अठराव्या शतकापासून ठाऊक होती. १७२१ च्या साथीत देवीने आजारी पडलेल्या सुमारे सहा हजारांपैकी ८४४ दगावले, आणि झॅबडिएल बॉयल्स्टन यांनी देवी टोचलेल्या सुमारे अडीचशेंपैकी सहा. बॉयल्स्टन यांच्यावर लोक चवताळून उठले होते. आकडे छापले गेले आणि आकड्यांनी बाजू मांडली.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कोविड लसीच्या सक्तीवर निकाल दिला तोही २ मे रोजीच, २०२२ साली, म्हणजे बक निकालानंतर बरोबर पंचाण्णव वर्षांनी. शरीराची अखंडता हा मूलभूत हक्क आहे, कोणालाही जबरदस्तीने लस देता येणार नाही, पण लोकांच्या आरोग्यासाठी सरकार प्रमाणशीर निर्बंध घालू शकते, असे न्यायालय म्हणाले. त्याच निकालात लसीच्या दुष्परिणामांच्या नोंदी लोकांपुढे ठेवण्याचे निर्देशही आहेत. वादात पहिल्या भागावर दोन्हीकडून रणधुमाळी झाली आणि हा दुसरा भाग कोणाच्या बोलण्यात आला नाही. मला तो निकालाचा गाभा वाटतो. हात दाखवा, म्हणजे सुई घ्यायची की नाही ते लोक ठरवतील.

आणि ज्यांना सक्तीच्या लोकसंख्या-कायद्याची घाई आहे, त्यांना आपलीच आठवण पुरे. १९७६ साली तिसऱ्या अपत्यानंतर नसबंदीची सक्ती करणारे विधेयक मंजूर केले ते महाराष्ट्राच्याच विधिमंडळाने. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. त्या एका आर्थिक वर्षात देशभर ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर कोण गेले हे त्या पिढीला ठाऊक आहे: ज्याला रेशनकार्ड, नोकरी, बदली, झोपडी यांतले काहीतरी गमवायचे होते तो. १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्यात काढण्यात आली. मासिक पाळीची स्वच्छता त्यांना ठेवता येत नाही, हे कारण सांगितले गेले. निर्णय घेणाऱ्यांत क्रूर माणूस कोणी नसेलही. सगळे सुशिक्षित होते, मुलींचे भलेच चाललेय असे त्यांना वाटत होते. वसतिगृहात पुरेशा बायका कामाला का नाहीत, हा प्रश्न गर्भाशय काढण्याआधी कोणी विचारला? स्त्री संघटना रस्त्यावर आल्या म्हणून ते थांबले. बाळंतिणींसाठी होम्सनी मागितलेला तो अधिक समर्थ आवाज आपल्याकडे असा मोर्चातून आला.

२००९ साली चंदीगडच्या सरकारी आश्रयगृहातली एक अनाथ, सौम्य मतिमंद मुलगी बलात्कारातून गरोदर राहिली. उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला, पण तिला मूल हवे होते. सर्वोच्च न्यायालयाने तिची इच्छा मानली आणि निकालपत्रात सुप्रजननवादाच्या इतिहासाचा नाव घेऊन निषेध केला. कॅरी बकच्या खटल्याचे जवळजवळ सगळे तपशील इथे पुन्हा आले होते. या वेळी न्यायाधीशांनी आणखी एक तपशील विचारात घेतला: ती स्वतः काय म्हणते.

लिंचबर्गमध्ये १९ ऑक्टोबर १९२७ रोजी कॅरीवर शस्त्रक्रिया झाली. केली डॉ. जॉन बेल यांनी, म्हणजे खटल्यातल्या दुसऱ्या पक्षकाराने. तिची बहीण डोरिस हिचीही केली, आणि तिला आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया म्हणून सांगितले. मूल का होत नाही हे तिला म्हातारपणी कळले. व्हिव्हियन आठव्या वर्षी, १९३२ साली, आजारपणात गेली. त्याआधी, १९३१ च्या वसंतात, शार्लट्सव्हिलच्या तिच्या शाळेने तिचे नाव गुणवंत विद्यार्थ्यांच्या यादीत लावले होते. न्यायमूर्ती होम्स तेव्हा नव्वद वर्षांचे होते आणि अजून न्यायासनावर होते.